थांबा, सम येऊ दे

खेळातलं माझं नाव काळीदोन. हार्मोनियमची काळी दोन. मी त्या पट्टीत गातो असं मी म्हणतो आणि मी त्या पट्टीच्या आसपास असतो असं आमचे गुरुजी म्हणत. नाव इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं, तिथं घोटाळा झाला. भाच्याच्या हॉस्टेलमधली पोरं ते 'काली डॉन' असं वाचत होती.

पहिल्याच रात्री यवतमाळच्या पोरानं विचारलं, "डॉन भाऊ, तुमी करता काय जी?"

मी म्हणालो, "वसुली."

पलीकडे शांतता पसरली. मी एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात आहे, आणि आमची वसुली म्हणजे "साहेब, या महिन्यात काहीतरी जमवा" असं थकबाकीदाराला दिवसातून चाळीस वेळा काकुळतीला येऊन सांगणं, एवढा खुलासा मी करणार होतो. पण तेवढ्यात जळगावचा पोरगा अदबीनं म्हणाला, "भो, तुम्ही मागं बसा आरामात, गाडी मी चालवतो." सत्तेचाळीस वर्षांत मला कुणी गाडीत आपणहून चांगली जागा दिली नव्हती. मी खुलासा गिळला आणि मागं बसलो.

माझा भाचाही काही बोलला नाही. हा डॉन आपला सख्खा मामा आहे, मिरजेत राहतो आणि रात्री साडेदहाला इसबगोल घेऊन खेळायला बसतो, हे मित्रांना कळू नये अशी त्याचीही इच्छा होती. दोघांचंही हित एकाच गोष्टीत होतं, ते म्हणजे मी कमी बोलण्यात. तेवढं पाळलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

या खेळात मी पडलो तो २०२०च्या टाळेबंदीत. पुण्याचं कॉलेज बंद झालं म्हणून भाचा आमच्याकडे आला आणि त्यानं मला पबजी शिकवलं. त्याआधीचा माझा अनुभव म्हणजे कॉलेजात असताना व्हिडिओ पार्लरमध्ये नाणी टाकून खेळलेला मुस्तफा. दोन बटणं आणि एक दांडी. इथं काचेवर बोटांचा पसारा मांडायचा. मला ते जमायला लागलं तेव्हा सप्टेंबर उजाडला आणि सरकारनं पबजीवर बंदी घातली. २०२१च्या जुलैत तेच नवं नाव घेऊन आलं, बीजीएमआय. २०२२च्या जुलैत तेही दुकानातून काढलं गेलं, पण ज्यांच्या फोनात आधीपासून होतं त्यांचं चालू राहिलं. २०२३च्या मे महिन्यात पुन्हा परतलं. सरकारनं दोन वेळा बंद केलं. आमच्या हिनं किती वेळा केलं त्याची मोजदाद नाही.

खेळ असा: विमानातून शंभर माणसं एका बेटावर उतरतात, बंदुका गोळा करतात आणि एकमेकांना मारतात. खेळायची जागा वर्तुळासारखी लहान लहान होत जाते. शेवटी जो उरतो त्याला 'चिकन डिनर' असं लिहून येतं, श्रावणातसुद्धा. डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. आमची पथकं चौघांची.

नेमबाजीत मी फुकट आहे. समोर माणूस दिसला की मी त्याच्या डोक्यावरच्या आभाळाला गोळ्या घालतो. तरी पोरांनी मला ठेवलं, कारण या खेळात डोळ्यांइतकाच कान चालवावा लागतो. हेडफोन लावला की पावलं डावीकडून येताहेत की उजवीकडून, लाकडी जिन्यावरून की गवतातून, हे ऐकू येतं. गोळीच्या आवाजावरून बंदूक ओळखता येते. मला ते यायचं, आणि चांगलं यायचं. "पलीकडच्या टेकडीमागं जीप आहे, जुनी, चढावर आहे," असं मी सांगायचो आणि अर्ध्या मिनिटानं टेकडीवरून जीप उतरायची. पोरं म्हणायची, डॉनचा कान म्हणजे रडार. मी मनात म्हणायचो, पोरांनो, हा मिरजेचा कान आहे.

आता मिरजेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझ्या सगळ्या रोगाचं मूळ तिथं आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या गावात राहिले. १९३७ साली ते गेले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना मातीआड केलं. अजूनही उरुसात तिथं चिंचेच्या झाडाखाली गवई गातात, मोठमोठे, हजेरी म्हणून. आमच्या सतारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात आणि तंबोरे होऊन जगभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात नुसता जन्म घेतला तरी आपल्याला गाण्यातलं कळतं असं माणसाला वाटायला लागतं. माझं नेमकं तसं झालं. मी गाणं शिकलो तीन वर्षं, तेही मे महिन्याच्या सुट्ट्या धरून.

गाणं न शिकलेल्या मिरजकराला दुसरा एक आजार होतो. तो गाणं 'ऐकवतो'. तुम्ही चहाला आला असाल, विम्याचे कागद न्यायला आला असाल, कुणाच्या मयताला आला असाल, त्याला फरक पडत नाही. तो म्हणतो, "एक पाच मिनिटं बसा," आणि कॅसेट लावतो. मग तो गाण्याकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. नेमक्या जागी तुमची मान हलली नाही तर कॅसेट मागं घेऊन ती जागा पुन्हा लावतो. मी आमच्या शाखाधिकाऱ्यांना लग्नाच्या वाढदिवसाला नव्वद मिनिटांची कॅसेट स्वतः निवडून भरून दिली होती. पुढं त्यांच्या घरी सत्यनारायणाला गेलो तर तीच कॅसेट लावलेली. मी कृतार्थ. दोन मिनिटं आलाप झाला आणि मग त्यांच्या नातवाचं बोबडं 'शुभंकरोति' सुरू झालं. ते मात्र सगळ्यांनी मान डोलावत ऐकलं.

गावात माझ्या घरी कुणी बसेनासं झालं होतं. आणि अशात रोज रात्री तीन तरणी पोरं कानाला हेडफोन लावून, उठून जायची सोय नसलेल्या अवस्थेत, माझ्या ताब्यात आली. हिनं एका वाक्यात निदान केलं: "ऐकणारं कुणी मिळेना, म्हणून आता बंदुका घेतल्यात."

वाट मोकळी व्हायलाही कारण घडलं. पोरं खेळताना बोलायला डिस्कॉर्ड वापरायची. तिथं गाणी वाजवणारे बॉट असत. गाण्याचं नाव टाइप करा, सगळ्यांच्या कानात गाणं सुरू. त्यातले दोन मोठे, ग्रूव्ही आणि रिदम, यूट्यूबच्या नोटिशीनंतर २०२१च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पाठोपाठ बंद झाले. पोरं हळहळली. जळगाव म्हणाला, "भो, आता गाण्याबिगर सुनं सुनं वाटतं." हे वाक्य ऐकून मी उठलो आणि माळ्यावरून वडिलांचा टू-इन-वन खाली काढला.

पहिल्या रात्री सावधपणे सुरुवात केली. विमान बेटावर येईपर्यंत थोडा बागेश्री. यवतमाळ म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडं कोन गेलं का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मंग ठीक हाय." ही मी दाद समजलो.

मग मला एक सिद्धांत सुचला. रात्री दोन वाजता सुचतात तसले सिद्धांत दिवसा कुणाला सांगू नयेत, पण मी तो पथकाला सांगितला, आणि तोही चौघे एका खड्ड्यात लपलेलो असताना. म्हटलं, हा तुमचा खेळ म्हणजे मुळात ख्याल आहे. विमानातून उतरणं हा आलाप. मोकळ्या बेटावर सावकाश हिंडत बंदुका गोळा करणं म्हणजे विलंबित, एकेक स्वर घ्यायचा, घाई नाही. वर्तुळ आवळत जातं तशी लय वाढते. शेवटच्या दहा-बारा माणसांत द्रुत, आणि अखेरीस झाडाझाडाआडून गोळ्या सुटतात तो तराणा. वेळही तीच, अर्धा तास, कॅसेटची एक बाजू. म्हणजे पॅराशूट उघडताना बटण दाबलं की शेवटच्या वर्तुळात बरोबर द्रुत लागेल आणि आपण लयीत मारू.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा हळूच म्हणाला, "मामा..." आणि लगेच खोकला काढून त्यानं ते 'मामला' केलं. "मामला गंभीर आहे," तो म्हणाला.

सिद्धांतात एक बारीक चूक होती. द्रुतापर्यंत जिवंत राहावं लागतं.

त्या रात्री भीमसेनजींचा मालकंस लावला होता. वेळ मध्यरात्रीची, म्हणजे रागाच्या वेळेच्या बाबतीतही मी चोख. आम्ही पोचिंकीतल्या एका दुमजली घरात वरच्या खोलीत दबा धरून होतो. पोचिंकी म्हणजे बेटाच्या मधोमध असलेलं गाव, आमच्या लक्ष्मी मार्केटसारखं, सगळे शेवटी तिथंच धडकतात. विलंबित एकताल. मात्रा बाराच, पण इतक्या ऐसपैस की एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिट जातं. त्या पाऊण मिनिटात गवई कुठं कुठं फिरून येतो आणि बाराव्या मात्रेनंतर बरोबर समेवर, दाराशी चप्पल काढावी तसा, येऊन उभा राहतो. तो यायच्या आधीचे चार-पाच सेकंद मी श्वास घेत नाही.

खाली जिन्याशी पावलं वाजली असणार. मला ऐकू यायला हवी होती, माझी नेमणूकच त्यासाठी होती. पण मला नववी मात्रा ऐकू येत होती.

"भो, खाली कुणी आहे का?" जळगाव कुजबुजला.

दहावी.

"डॉन भाऊ, बोला ना जी. जाऊ का खाली?"

"थांबा," मी म्हणालो, "सम येऊ दे."

डॉननं सांगितलं म्हणून पोरं थांबली. जळगावनं भाच्याला विचारलं, "हा सॅम कोण?" यवतमाळ म्हणाला, "भाऊंचा मानूस असंल. कोन्या बाजूनं येऊन रायला तो?" भाच्याला सगळं कळत होतं. पण सांगायचं म्हणजे मामाचा परिचय आला, म्हणून तो गप्प राहिला. अकरावी. बारावी.

सम आली. काय आली म्हणून सांगू! मुखडा असा सहज पडला, जसा झाडावरून पिकलेला आंबा, आणि नेमक्या त्याच मात्रेवर, केसाइतकाही फरक नाही, खिडकीची काच फोडून आत ग्रेनेड पडला.

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "वा! क्या बात है!"

चौघेही गेलो.

पडदा करडा झाल्यावर बराच वेळ कुणाचा आवाज नव्हता. मग यवतमाळ अतिशय दुखावलेल्या स्वरात म्हणाला, "मारनाऱ्याले वा म्हनते का बे हा मानूस?" जळगाव म्हणाला, "आणि तो सॅम आलाच नाही."

यातून शहाणा झालो असतो तर मी बँकेत शाखाधिकारी झालो असतो. मला वाटलं, दोष गाण्याचा नाही, पोचण्याचा आहे. आवाज नीट पोचत नसावा. म्हणून मी भाच्याला खाजगीत विचारलं, "अरे, तंबोरा कसा ऐकू येतो तुम्हाला?"

"कुठला तंबोरा?"

"मागं वाजतो तो. सतत."

"मामा, मागं काहीच वाजत नाही. एक माणूस मधूनमधून ओरडतो आणि मग गप्प होतो."

मला घाम फुटला. चौकशी केली तेव्हा कळलं, या ॲपमध्ये नको असलेले आवाज गाळायची सोय असते. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि मागं एकसारखी चालू असलेली घरघर, म्हणजे पंखा, कूलर, मोटार, काढून टाकायची. एकसारखा आणि न थांबणारा आवाज सापडला की यंत्र तो कचरा समजतं. तंबोऱ्याचा गुण काय? एकसारखा आणि न थांबणारा! ज्या वाद्याच्या जवारीवर आमच्या गल्लीतले कारागीर दिवसचे दिवस दोरा सरकवत बसतात, सूर गोल झाला की नाही हे कान लावून पाहतात, ते वाद्य त्या यंत्रानं कूलर म्हणून गाळलं होतं. लांबलेला षड्जसुद्धा दोन-तीन सेकंदांनी कापत होतं. म्हणजे तीन महिने या पोरांनी भीमसेनजींचं जे ऐकलं, ते फोनवर रेंज जाणाऱ्या माणसाचं भांडण होतं. तरी बिचारी म्हणाली नाहीत की बंद करा. वसुलीवाल्याला कोण सांगणार?

ती सोय मी बंद केली. त्या रात्री तंबोरा पहिल्यांदा पुण्यात पोचला. मी डोळे मिटून म्हणालो, "आता ऐका. याला म्हणतात भरणं. खोली भरली पाहिजे." आणि गाळणी काढलेली असल्यामुळे तंबोऱ्यामागून आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या आणि हिचा खडा आवाज, तेवढ्याच भरीवपणे, हॉस्टेलवर पोचला: "अहो! दळण आणायला विसरलात ना? आणि गुडघ्याला तेल लावलंत का?"

डॉन तिथं संपला.

"काका?" जळगाव म्हणाला.

भाच्यानं मग सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता आपल्याला काढणार. तर पोरं हसली, इतकी हसली की झोनबाहेर राहून मेली. त्यानंतर मी गाडीत मागं बसत असे ते गुडघ्यासाठी.

नातं उघड झाल्यावर पोरांची भीड चेपली आणि त्यांनी मला गाणी पाठवायला सुरुवात केली. इथं मी सर्वांत वाईट वागलो. वीस वर्षं लोक माझी गाणी न ऐकता "छान होतं" म्हणाले, याचा मला केवढा राग. आणि मी काय केलं? यवतमाळनं रॅप पाठवलं, मी पहिले सहा सेकंद ऐकलं आणि "छान" लिहिलं. भाच्यानं काही पाठवलं, ते उघडलंही नाही, नुसता अंगठा. जळगावनं मात्र मन लावून एक निवडलं होतं, कारण त्याला वाटलं, काकांना हे पटेल. २००५ सालच्या 'सिव्हिलायझेशन फोर' या खेळाच्या सुरुवातीला वाजणारं 'बाबा येतू', क्रिस्टोफर टिननं बांधलेलं. २०११ साली त्याला ग्रॅमी मिळालं, आणि खेळासाठी केलेल्या संगीताला ग्रॅमी मिळायची ती पहिलीच खेप. हे सगळं त्यानं खाली लिहिलं होतं. मी तेवढं वाचलं आणि लिहिलं, "अप्रतिम."

रात्री लॉबीत त्यानं विचारलं, "काका, कोणती जागा आवडली?"

हा माझाच प्रश्न होता. शब्द न् शब्द माझा. हाच प्रश्न विचारून मी माणसांना घाम फोडत आलो. आता मला फुटला. 'बाबा' आहे म्हणजे काहीतरी भक्तिसंगीत असणार, असा अंदाज बांधून मी ठोकून दिलं, "ती मधली सरगम. काय तयारीची आहे!"

"काका," जळगाव शांतपणे म्हणाला, "त्यात सरगम नाही. स्वाहिली आहे."

बाहेर विमान घोंघावत होतं. मी सगळ्यांत आधी उडी मारली.

(दुसऱ्या दिवशी ते खरंच ऐकलं. ख्रिस्ती प्रार्थना आहे, स्वाहिलीत, एक जण पुकारतो आणि बाकीचे झेलतात. आपल्या भजनातल्या झिलकऱ्यांसारखं. मी ते दोनदा ऐकलं आणि जळगावला तसं कळवलं नाही. आता कळवून त्यानं विश्वास ठेवला नसता.)

खाँसाहेबांनी म्हणे एका कुत्र्याला सुरात सूर मिळवायला शिकवलं होतं. टिपू त्याचं नाव, असं आमच्याकडे सांगतात. मिरजेत कुत्र्याला जे साधलं ते मला तीन इंजिनिअरिंगच्या पोरांकडून करून घेता येईना, याचं मला रात्री फार वाईट वाटे. खाँसाहेब स्वतः किती रियाज करत हा मुद्दा मी हिशेबात धरत नसे.

मग ती स्पर्धा आली. हॉस्टेलच्या पोरांनीच भरवलेली, शनिवारी रात्री, पंचवीस संघ, माणशी पन्नास रुपये. बाहेरगावचे मित्र, भावंडं, मामे सगळे चालत होते. पहिल्या नंबराला दोन हजार, दुसऱ्याला काही नाही. नियम एक होता: डिस्कॉर्ड वगैरे बाहेरचं काही वापरायचं नाही, म्हणजे कुणी बाहेरून खबऱ्या पुरवायला नको. बोलायचं ते खेळातल्याच माइकवर.

आदल्या दिवशी भाच्यानं हिला फोन केला. काय बोलला माहीत नाही, पण संध्याकाळी टू-इन-वन कपाटात होता आणि कपाटाची किल्ली हिच्या कमरेला. "ती तीन पोरं दीडशे रुपये भरून खेळताहेत," ही म्हणाली, "तुम्ही गप्प बसायचं." माझेही पन्नास होते, पण ते काढायची ती वेळ नव्हती.

मी गप्प बसलो. खरंच बसलो. आणि गाणं कानात नसल्यामुळे आयुष्यातला सर्वोत्तम खेळ खेळलो. "जिन्यात एक. तिसऱ्या पायरीवर थांबलाय." "पुलाखाली गाडी, इंजिन आत्ता बंद केलं." मी सांगत होतो, पोरं मारत होती. यवतमाळ दोनदा म्हणाला, "काका, तुमी तर देवमानूस हो." भाचा एकदा पडला तर त्याला उठवायला दहा सेकंद लागतात, ते दहाही सेकंद मी त्याच्यावर ओणवा होऊन काढले आणि कुणी आलं नाही. शेवटच्या वर्तुळात दोन संघ उरले. आम्ही चार, ते दोन. नुसतं गवत, मधे चार झाडं. आम्ही आडवे पडलेलो. ते कुठं आहेत आम्हाला दिसेना, आम्ही कुठं आहोत त्यांना दिसेना. बारा वाजून गेलेले. बाहेर गल्लीत एक कुत्रं तेवढं, खाँसाहेबांचं कुणी नव्हे.

शांतता अशी की तंबोरा लावावा.

आता दोन गोष्टी सांगतो, ज्या मला नंतर कळल्या. एक, या खेळातल्या माइकला दोन वाटा असतात: फक्त आपल्या पथकाला ऐकू जावं अशी, आणि आसपासच्या सगळ्यांना ऐकू जावं अशी. सुरुवातीला माइक चालू करताना माझं बोट दुसऱ्या वाटेवर पडलं होतं. तोपर्यंतचे शत्रू जवळ येऊन माझं ऐकेपर्यंत पोरांनी उडवले, म्हणून निभावलं. दोन, कानावर गच्च हेडफोन असला की माणसाला आपण गुणगुणतोय हे कळत नाही.

मी गुणगुणत होतो. मध्यरात्र होती, म्हणजे अर्थातच मालकंस.

भाचा म्हणतो, त्यानं मला तीनदा खुणावलं. फोनवर खुणावतात कसं देव जाणे. मला कुणाचाच आवाज ऐकू आला नाही. ऐकू आला तो एकदम नवा, अगदी कानाशी, डावीकडच्या झाडामागून. मुलीचा आवाज, बारा-तेरा वर्षांची असेल. अतिशय सौम्य, क्लासमध्ये शेजारच्याला सांगावं तशी.

"काका, मालकंसात पंचम नसतो."

आणि ठो. एक गोळी, डोक्यात.

उरलेल्या तिघांना त्या दोघांनी कसं टिपलं ते मी करड्या पडद्यातून पाहिलं. माझ्या सुरावरून आम्ही नेमके कुठल्या झाडाशी आहोत ते तिला आधीच कळलं होतं, आणि पोरं माझ्याच भोवती पडली होती. मेलेला माणूस शत्रूशी बोलू शकत नाही, हा या खेळाचा फार क्रूर नियम आहे. कारण मला उत्तर देता आलं असतं. जयपूर-अत्रौली घराण्यात संपूर्ण मालकंस गातात, किशोरीताईंनी गायलेला आहे, आणि त्यात सातही स्वर लागतात. पंचम धरून! मी तो गात होतो असं म्हणता आलं असतं. खरं सांगायचं तर हे मला दुसऱ्या दिवशी बँकेत, एका ट्रॅक्टरच्या थकीत हप्त्याची नोटीस टाइप करताना आठवलं. रात्री मी साधाच मालकंस गात होतो आणि पंचम चुकून लागला होता.

मिरजेत कित्येक वर्षं मी गाणं ऐकवत आलो. कुठला स्वर कुठं लागला हे मन लावून ऐकणारी पहिली व्यक्ती मला भेटली, आणि तिच्या हातात बंदूक होती. मी त्याच रात्री तिच्या आयडीला मैत्रीची विनंती पाठवली. ती अजून तशीच आहे. हरकत नाही, मी वसुलीतला माणूस आहे, वाट पाहायची सवय आहे.

पोरांना मी सांगितलं होतं की नेट गेलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. पण मेसच्या टीव्हीवर सगळं हॉस्टेल तो सामना बघत होतं, आवाजासकट, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळच्या पोह्यांच्या रांगेत 'पंचम लावणं' हा शब्द पसरला, म्हणजे आवाज करून आपली जागा दाखवून देणं. मला काढून टाकतील म्हणून मी चार दिवस फोन उघडला नाही. पाचव्या दिवशी भाच्याचा निरोप आला: "साडेदहा. कॅसेट नको. कान आण."

परवा आम्ही पुन्हा पोचिंकीतच होतो, त्याच घरात, वरच्या मजल्यावर. टू-इन-वन कपाटात होता. यवतमाळ खिडकीशी बसलेला. त्यानं आवाज एकदम खाली आणला.

"काका, बाजूच्या घरात कोनीतरी पंचम लावून रायलं."

मी कान दिला. लावत होतं. तिसऱ्या पायरीवर.